आर्किटेक्चरच्या मुलांना रोमला नेताना: पहिल्यांदाच स्टडी टूर आखणाऱ्यांसाठी

कॉलेजने परदेशी स्टडी टूरची जबाबदारी गळ्यात घातली की आपण पहिला फोन ट्रॅव्हल एजंटला लावतो. बऱ्याच सहली तिथेच बिघडतात. एजंटकडे ‘दहा दिवस, सहा देश’ असं तयार पॅकेज असतं आणि त्यातलं स्वित्झर्लंड सोडवत कुणालाच नाही. मग मुलं बसमध्ये झोपतात, पार्किंगला उतरतात, फोटो काढतात आणि पुन्हा बसमध्ये झोपतात. आई-वडिलांबरोबर जायला ती सहल छान आहे. अभ्यासाला जायचं असेल तर एकच शहर धरा आणि तिथे सात-आठ रात्री मुक्काम करा.

ते शहर रोम असावं, हे माझं मत. कलोसियम या जुन्या प्रेक्षागारापासून पँथिऑन या घुमटाच्या मंदिरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे आणि तेवढ्या वाटेवर जवळजवळ दोन हजार वर्षांचं बांधकाम उघड्यावर दिसतं. शहराच्या मध्यात मोठ्या टुरिस्ट बसना मोकळा प्रवेश नाही, परवाने आणि शुल्क आहे. तेव्हा बसचा खर्च वाचवा, मुलांना चालवा.

पायरी पहिली: तिकिटाआधी प्रश्न

जाण्याच्या सहा-आठ महिने आधी मुलांचे चार-पाच जणांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या. ‘रोमन वास्तुकला’ हा प्रश्न झाला नाही. ‘लोखंडाशिवाय एवढं मोठं काँक्रीट कसं उभं राहिलं?’ हा प्रश्न झाला. ‘जुन्या इमारतीच्या पोटात नवी इमारत कशी वाढते?’, ‘चौक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?’, ‘पाणी शहरात कसं येतं आणि कसं जातं?’ हेही चालतील. प्रश्न हातात असला की मुलगा इमारतीसमोर उभा राहतो. नसला की सेल्फी काढून आइस्क्रीमच्या रांगेत लागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

त्याच वेळी १७४८ चा नोली यांचा नकाशा मोठ्या आकारात छापून घ्या. जांबात्तिस्ता नोलीने रोमच्या इमारती काळ्या आणि रस्ते-चौक पांढरे दाखवले. गंमत अशी की चर्चच्या आतली जागाही त्याने पांढरीच ठेवली, कारण तिथे कुणालाही शिरता येतं. पँथिऑन ते पियात्झा नाव्होना हा तुकडा मुलांना हातात धरून चालू द्या. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर आजही वाट सापडते. एवढ्या एका व्यायामात सार्वजनिक जागेवरची दोन लेक्चरं वाचतात.

घरचा अभ्यास इथेच, महाराष्ट्रात सुरू करता येतो. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती भूमध्य समुद्राकडून इथवर आली. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे त्या काळच्या व्यापाऱ्यांना ‘तगर’ म्हणून माहीत असलेलं गाव. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, पैठण आणि कल्याण तिन्हींची नावं येतात. ज्या मुलाने तेरचं संग्रहालय पाहिलंय, त्याला रोममधली मातीची भांडी ओळखीची वाटतात.

आणि विजापूर. जमलं तर गोल घुमट आधी दाखवून आणा. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, पँथिऑनचा सुमारे ४३. गोल घुमट पूर्ण झाल्याचं साल साधारण १६५६ सांगतात. त्याच सुमाराला रोममध्ये बेर्निनी या शिल्पकार-वास्तुकाराने व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चपुढच्या चौकाची स्तंभरांग बांधायला घेतली. दोन्ही घुमटांखाली उभं राहिलेल्या मुलाला तुलना करायला शिकवावं लागत नाही.

पायरी दुसरी: तारखा

दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ऊन सोसवतं आणि उजेडही पुरेसा असतो. ‘ऐन दिवाळीत पोरं घरी नाहीत’ ही पालकांची तक्रार येणारच, ती ऐकून घ्या. नोव्हेंबर पावसाचा आहे. पण पावसात पँथिऑन पाहायला मिळालं तर नशीबच म्हणायचं, त्याबद्दल पुढे. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवातही चांगली. ईस्टरचा आठवडा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाने मुलं आडवी होतात आणि १५ ऑगस्टच्या आसपास शहरातली निम्मी छोटी दुकानं बंद असतात.

गट पंचवीसच्या आत ठेवा. त्याहून मोठा झाला तर लहान चर्चमध्ये मावत नाही आणि वेटर लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक हवा. मुली असतील तर एक शिक्षिका हवीच, यात तडजोड नको.

पायरी तिसरी: पासपोर्ट आणि व्हिसा

पहिली गडबड नावात होते. आपल्याकडे पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मुलीच्या नावापुढे वडिलांचं नावही असतं, कॉलेजच्या ओळखपत्रावर आडनाव आधी असतं आणि विमानाच्या तिकिटावर एजंट तिसराच क्रम टाकतो. एक एक्सेल शीट करा आणि त्यात सगळ्यांची नावं पासपोर्टवरून जशीच्या तशी उतरवा, तोंडी विचारून नव्हे. विमान, हॉटेल, विमा आणि कलोसियमचं तिकीट, सगळीकडे हीच शीट वापरा. कलोसियमची तिकिटं नावावर असतात आणि दारात ओळखपत्र मागतात.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेन प्रदेश (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश) सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही, ती मुलं गट ठरल्या दिवशीच अर्जाला लावा. मुलगी हॉस्टेलला आणि कायमचा पत्ता गावचा, अशा वेळी पोलीस पडताळणीत आठवडे जातात.

इटलीचा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. नियमाने किमान पंधरा दिवस आधी अर्ज हवा, पण त्या पंधरा दिवसांवर विसंबू नका. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला व्हिसा केंद्रावर स्वतः जावं लागतं. अपॉइंटमेंट मिळवण्यातच खरी दमछाक होते, तेव्हा अडीच-तीन महिने हाताशी ठेवा. अर्जाबरोबर वैद्यकीय विमा लागतो, त्याचं कवच किमान ३०,००० युरोंचं हवं. खर्च पालक करणार असल्याने त्यांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि पाठिंब्याचं पत्र लागतं. शेतकरी पालकांकडे विवरणपत्र नसतं. तिथे सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेतले व्यवहार इंग्रजी भाषांतरासह जोडून एक साधं पत्र द्या. लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. मुलगा अठराच्या खाली असेल तर आई-वडील दोघांचं संमतीपत्र लागतं.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे. पण शिक्षणाच्या हेतूने जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना शुल्कमाफीची तरतूद शेंगेनच्या नियमांतच आहे. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, सहलीचा शैक्षणिक हेतू, विषय, रोजचा कार्यक्रम आणि सगळ्यांची नावं असलेलं पत्र द्या. अर्ज करतानाच माफीची विचारणा करा, पैसे भरून झाल्यावर नव्हे. केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावं लागतं. एजंट ‘पर्यटन’ म्हणून अर्ज भरून मोकळा होतो, म्हणून अर्जाचा मसुदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

पैशांचं आणखी एक. परदेशी टूर पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, कापते. ही रक्कम पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्रात हिशोबात धरता येते. म्हणून पावती विवरणपत्र भरणाऱ्या पालकाच्या पॅनवर फाडायला सांगा. विद्यार्थ्याच्या पॅनवर गेली तर परताव्यासाठी त्याला विवरणपत्र भरावं लागतं आणि कुणी भरत नाही.

पायरी चौथी: राहायचं कुठे

शहराबाहेर तासाभरावरचं चार तारांकित हॉटेल हे पॅकेजमधलं सगळ्यात फसवं आमिष. रोज दोन तास प्रवासात जातात आणि संध्याकाळी चौकात बसून चित्र काढणं तर विसराच. त्याऐवजी शहरात ननांच्या मठांनी चालवलेली अतिथिगृहं शोधा. खोल्या साध्या, पलंग अरुंद, नाश्त्याला पाव-जॅम-कॉफी. पण स्वच्छता चोख आणि जागा मोक्याची. बऱ्याच ठिकाणी रात्री अकराच्या सुमाराला दार बंद होतं. मुलं कुरकुरतात. शिक्षकांना शांत झोप लागते.

सान जोव्हान्नी, एस्क्विलिनो किंवा प्रात्ती हे भाग मेट्रोला धरून आहेत. एस्क्विलिनोत बांगलादेशी आणि भारतीय दुकानं भरपूर, बंद बाजारात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्याही मिळतात. सातव्या दिवशी याचं मोल कळतं. रोमची पालिका प्रत्येक माणसामागे दर रात्री कर घेते. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो आणि मुक्कामाच्या ठिकाणीच द्यावा लागतो. अंदाजपत्रकात आधीच धरा.

पायरी पाचवी: रोजचा कार्यक्रम

नियम एवढाच: सकाळी एक मोठी जागा, दुपारी एक छोटी, संध्याकाळी रिकामा वेळ. यात चौथी गोष्ट घुसडू नका.

पोचल्याचा दिवस धरूच नका. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या नोंदणीला वेळ लागतो. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत नेते. मुक्काम त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्से बाजूला असेल तर साधी प्रादेशिक गाडी स्वस्त पडते. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावा लागतो. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो, आणि पंचवीस जणांचा दंड म्हणजे एका दिवसाचं जेवण.

पहिली सकाळ पँथिऑनला द्या, उघडतानाच. दर्शनी पट्टीवर मोठ्या अक्षरांत मार्कुस अग्रिप्पाने हे बांधल्याचं कोरलंय. मुलांना वाचू द्या, वहीत लिहू द्या आणि मग सांगा की ही इमारत अग्रिप्पाची नाही. त्याचं मंदिर जळालं. आजची इमारत बऱ्याच काळानंतर, सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इसवी सन १२५ च्या सुमाराला पुरी झाली. हे ठरवायला विटांवरचे शिक्के मोठे कामी आले. इमारत स्वतःविषयी खोटं सांगू शकते आणि विटा चुगली करतात, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एकदा कळलं की तो कोनशिलेवर विश्वास ठेवणं सोडतो.

आत गेल्यावर अर्धा तास बोलू नका. नंतर घुमटाचा छेद, म्हणजे उभा कापल्यासारखं चित्र, काढायला लावा. तळाशी जाडी सहा मीटरच्या वर, माथ्यावरच्या झरोक्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास. खाली काँक्रीटमध्ये जड दगड, वर चढत जाल तसे हलके आणि माथ्यापाशी सच्छिद्र ज्वालामुखी दगड. कप्प्याकप्प्यांची नक्षी वजनही कमी करते. लोखंडी सळई कुठेही नाही. जमिनीपासून झरोक्यापर्यंतची उंची आणि व्यास सारखेच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसतो. पाऊस आला तर झरोक्यातून सरळ आत पडतो. फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिच्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी निघून जातं. मुलांना फरशीवर वाकून ती छिद्रं शोधायला लावा. इतर पर्यटक वर बघत असतात, आपली मुलं खाली.

इसवी सन ६०९ पासून हे चर्च आहे, म्हणून टिकलं. जुन्या इमारतीच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या गटाला एवढं वाक्य पुरतं.

कलोसियमला दुसरा दिवस. सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलं, टायटसने इसवी सन ८० मध्ये उद्घाटन केलं. लांबी १८८ मीटर, रुंदी १५६. उत्तरेकडच्या शाबूत कमानींवर रोमन आकडे कोरलेले दिसतात. ते प्रेक्षकांच्या प्रवेशद्वारांचे क्रमांक. आपल्या स्टेडियममधली गेट नंबरची पद्धत किती जुनी आहे ते बघा. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात. गटाच्या आरक्षणाचे नियम वेगळे असतात, अधिकृत संकेतस्थळावरच बघा. युरोपियन युनियनच्या तरुणांना मिळणारी सवलत आपल्या मुलांना लागू नाही. मात्र अठराच्या खालच्या कुणालाही, कुठल्याही देशाचा असो, सरकारी संग्रहालयांत मोफत प्रवेश असतो. डिप्लोमाच्या मुलांमध्ये असे बरेच निघतात. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. फोरममध्ये अख्खा गट फिरवू नका. अवशेषांचा ढीग पाहून मुलं कंटाळतात. प्रत्येक गटाला एक अवशेष वाटून द्या आणि दीड तासाने एकत्र या.

गाइड घेणार असाल तर परवानाधारकच घ्या. परवाना नसलेल्याने पैसे घेऊन माहिती सांगणं तिथे बेकायदेशीर आहे.

सगळ्यांनी वगळलेलं आणि मी कधीच वगळणार नाही असं ठिकाण म्हणजे ओस्तिया आंतिका, रोमचं जुनं बंदर. पिरामिदे मेट्रो स्टेशनला लागून असलेल्या स्थानकावरून लोकल गाडी जाते, शहरातल्या साध्या तिकिटावर. सोमवारी बंद. इथे राजे-सम्राट नाहीत, कामकरी लोकांचं गाव आहे. व्यापारी संघांच्या चौकात फरशीवर काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये जहाजं, दीपगृह, हत्ती काढलेत. प्रत्येक संघाच्या कचेरीपुढे त्याची पाटीच जणू. आणि विटांच्या बहुमजली इमारती: खाली रस्त्याकडे तोंड केलेली दुकानं, आत समाईक चौक, वर भाडेकरूंची बिऱ्हाडं. गिरगावची चाळ पाहिलेल्या मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही. तो सरळ जिना शोधायला लागतो. तिथल्या खानावळीत दगडी कट्टा आणि भिंतीवर पदार्थांचं चित्र अजून आहे. अख्खा दिवस द्या, डबा घेऊन जा.

सान क्लेमेंते चर्चला दुपार. वरचं चर्च बाराव्या शतकातलं. जिन्याने खाली उतरलं की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी खाली पहिल्या शतकातली रोमन घरं आणि मिथ्रा देवाचं छोटं अंधारं मंदिर. सगळ्यात खालच्या पातळीला हवा थंड आणि दमट होते आणि भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. फोटो काढायला बंदी आहे, ती आपल्या पथ्यावर पडते. बाहेर आल्यावर मुलांना आठवणीने तिन्ही थरांचा एक छेद काढायला सांगा. जिना कुठे होता हे निम्म्या मुलांना आठवत नाही. मग ती पुढच्या इमारतीत जिन्याकडे नीट बघतात.

एक सकाळ किरिनाले टेकडीवर. बोरोमिनीचं सान कार्लो आणि बेर्निनीचं सांतांद्रेआ ही दोन चर्चं एकाच रस्त्यावर, दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर आहेत. दोन्ही लंबवर्तुळी आणि दोन्ही सतराव्या शतकातली. बोरोमिनीच्या चर्चमध्ये दारातून वेदीकडे जाताना लंबवर्तुळाचा लांब अक्ष लागतो, बेर्निनीच्यात आखूड. वाचून हे कळत नाही, दारातून आत पाऊल टाकल्यावर छातीत कळतं. सान कार्लो एवढंसं आहे की सेंट पीटरच्या घुमटाच्या एका खांबात मावेल असं म्हणतात. म्हणून दोन तुकड्या करा, एक इथे, एक तिथे, मग अदलाबदल. कुठलं आवडलं यावर रात्री वाद झाला तर सहल रुळावर आहे असं समजा.

नव्या वास्तुकलेसाठी अर्धा दिवस फ्लामिनिओला. नेर्व्हीचा पालाझेत्तो देल्लो स्पोर्त हा १९६० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला बारीक फासळ्यांचा घुमट, रेंझो पियानोचं संगीतगृह आणि झाहा हदीदचं माक्सी संग्रहालय, सगळं चालत. पँथिऑनच्या काँक्रीटनंतर नेर्व्हीचं काँक्रीट पाहिलं की काँक्रीटचा प्रश्न घेतलेल्या गटाचं काम आपोआप पुढे सरकतं.

व्हॅटिकनबद्दल थोडक्यात. संग्रहालयं शेवटचा सोडून बाकीच्या रविवारी बंद असतात आणि शेवटच्या रविवारी मोफत म्हणून तोबा गर्दी. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटरचा परिसर अडवलेला असतो. सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो काढता येत नाहीत. वेळ कमी असेल तर संग्रहालय सोडा, पण चौक सोडू नका. फरशीत दोन गोल खुणा आहेत. तिथे उभं राहिलं की बेर्निनीच्या स्तंभांच्या चार रांगा एकामागे एक लपून एकच दिसते. एक पाऊल बाजूला सरका, पुन्हा चार.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचेसुद्धा. ओढणी बॅगेत ठेवा. दुपारी साडेबारा ते चारच्या दरम्यान बरीच चर्चं बंद असतात, त्यामुळे जेवणं त्या वेळात उरका. जवळ युरोची सुटी नाणी ठेवा. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रं एका काळोख्या कोपऱ्यात आहेत. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात आणि काही वेळाने खट्कन विझतात. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आता कोण टाकणार म्हणून.

पोटपूजा

रोमन जेवणात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण बेसावध राहिला तर फसतो. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही पास्तांत डुकराचं मांस असतं, सॉसमध्ये मिसळलेलं. सुप्ली नावाची भाताची तळलेली गोळी आपल्या बटाटेवड्यासारखी निरागस दिसते, पण पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. विचारून घ्या. काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिरी, मांस नाही; पण पेकोरिनो चीजमध्ये प्राण्याच्या पोटातलं विरजण असतं, हे जैन मुलांना आधीच सांगा. पिझ्झा मारिनारावर चीज नसतं, लसूण असतो. रस्त्यावर कापून विकला जाणारा पिझ्झा वजनावर मिळतो, हाताने केवढा हवा ते दाखवायचं. पंचवीस जणांना यापेक्षा झटपट आणि स्वस्त दुपारचं जेवण नाही.

कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे. संध्याकाळी साडेसातच्या आधी खऱ्या खानावळी उघडत नाहीत. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्याचं आहे. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या छिद्रातून कारंजं उडतं आणि थेट तोंड लावता येतं. पहिल्या खेपेला शर्ट भिजतोच.

थेपले, चिवडा, लाडू जरूर न्या. मेतकूट नेलंत तर घट्ट डब्यात.

पैसे, फोन, पाकीट

फॉरेक्स कार्ड घ्या आणि थोडी रोकड वीस-वीसच्या नोटांत. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटला चालतात, लॅपटॉपच्या तीन जाड पिना चालत नाहीत. बस-मेट्रोचं साधं तिकीट शंभर मिनिटं चालतं. वाहतुकीचे संप होतात, बहुधा शुक्रवारी, आणि आधी जाहीर होतात. परतीचं विमान शुक्रवारी असेल तर आदल्या आठवड्यापासून नजर ठेवा.

खिसेकापू हा रोमचा खरा धोका. ६४ नंबरची बस आणि तेर्मिनीची मेट्रो ही त्यांची ठरलेली ठिकाणं. पासपोर्ट मुक्कामावर कुलपात, छायाप्रत जवळ. ज्या दिवशी नावाचं तिकीट आहे त्या दिवशी मूळ पासपोर्ट शर्टाच्या आतल्या पाकिटात. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा कागद घ्या, मग व्हिया व्हेंती सेत्तेंब्रेवरचा भारतीय दूतावास. तातडीच्या मदतीला ११२.

मेट्रोत गट तुटला तर काय, हे पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या: फलाटावर राहिलेला तिथेच थांबेल, गाडीत चढलेले पुढच्या स्टेशनला उतरून थांबतील आणि मागे राहिलेला पुढची गाडी पकडेल. दोन्हीकडचे शोधायला निघाले की तास गेला.

स्पॅनिश पायऱ्यांवर बसलं तर दंड आहे. कारंज्यात पाय बुडवले तरी दंड. रस्त्यावरची नकली ब्रँडेड पर्स घेणाऱ्यालाही दंड होतो, हे मावशीसाठी पर्स हेरून ठेवलेल्यांना स्पष्ट सांगा.

वही आणि परतल्यावर

मोठे ड्रॉइंग बोर्ड नेऊ नका. कलोसियमला मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत, ट्रायपॉडही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. हातात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन, पाच मीटरचा टेप. दिवसाला तीन चित्रं: एक नकाशा, एक छेद, एक तपशील. रोज रात्री जेवणानंतर सगळ्या वह्या एका टेबलावर उघड्या ठेवायच्या, शिक्षकांचीसुद्धा. शिक्षकाने काढलं नाही तर मुलं काढत नाहीत. रस्ते काळ्या बसाल्टच्या छोट्या दगडांचे आहेत, त्यावर नवे बूट चावतात. आठ-दहा दिवस आधीपासून घालायला लावा.

परतताना वह्या केबिनच्या बॅगेत. चेक-इनची बॅग चुकून दुसऱ्या शहरात गेली तर कपडे पुन्हा घेता येतात.

ज्युरी, म्हणजे कामाचं परीक्षण, पंधरा दिवसांच्या आत लावा, त्यानंतर सबमिशनच्या रेट्यात सगळं वाहून जातं. फोटोंच्या स्लाइडला गुण ठेवू नका. गटाने घेतलेल्या प्रश्नावर चार शीट आणि मूळ वही एवढंच मागा. हिशोब आणि टीसीएसचे दाखले पालकांना त्याच महिन्यात द्या. शेवटी एक फाइल करा: कुठलं चर्च किती वाजता उघडं मिळालं, कुठल्या खानावळीने पंचवीस जणांना बसवलं, कुठल्या ईमेलला उत्तर आलं. पुढच्या वर्षी ही सहल दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे आणि तो आधी तुमच्याकडेच येईल.